अर्धी वाळू

आरोही,

फिशटँकात अर्धी वाळू जुनी, अर्धी नवी दिसेल. ती तशीच राहू दे. पाहुणे येणार म्हणून मामंजींनी सगळीच बदलायला सांगितली होती. पण पाणी चांगलं ठेवणारे जिवाणू जुन्या वाळूतच असतात. एकदम काढली तर मासे मरतील. उरलेली महिन्याभरानं तू बदल.

उद्या माझ्या आईचं ऑपरेशन हाय. मामंजी म्हणाले, "आधी टाकी, मग माहेर." मागं सुगीचं कारण होतं, नंतर पूजेचं. तुझे दादा मान खाली घालून जेवत राहिले. म्हणून कुणाला न विचारताच माहेरी, वडवणीला निघाले. फोन करू नकोस. तू "वहिनी, या ना" म्हणालीस, तर मी वाटेत मांजरसुंब्यालाच उतरून माघारी येईन.

धनश्री