आप्पांचा समुद्रकोबी

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
आप्पांना दोहाला येऊन आठवडा झाला. सासरे आहेत, पाहुणे नाहीत, हे त्यांना कोण सांगणार! रोज सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसणं. जन्मभर सिन्नर स्टँडवर एस.टी.चे कंट्रोलर होते. बसतात तेसुद्धा गाडी आत्ता लागेल अशा बेताने.
सासूबाई गेल्यापासून तिथे एकटेच. निदान दर हिवाळा त्यांनी इथे काढावा असं मला फार वाटतं. समीरलाही वाटत असणार, पण बापलेक दोघेही मुखदुर्बळ. मी विचारलं की आप्पा लगेच सिन्नरच्या गच्चीवरच्या टाकीवर जातात. टाकी कोण बघेल, झाकण कोण लावेल. म्हणजे नाही.

१९ ऑक्टो.
ऑफिसातली मार्गारेट कायमची इंग्लंडला परत. जाताना मला एक पाकीट दिलं. सी-केलच्या बिया. तिच्या गावी समुद्रकाठच्या गोट्यांमध्ये उगवते म्हणे, कोबीची लांबची बहीण. अटी तरी किती: टरफल काढा, महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा, मग पेरा, आणि पहिली दोन वर्षं कापू नका! वेस्ट बेच्या ऑफिसपासून घरापर्यंत एकटीच हसत आले. दोहात दोन वर्षांच्या पुढचं कोण लावतं? मेथी, कोथिंबीर, फार तर टोमॅटो. काँट्रॅक्ट संपायच्या आत खाऊन मोकळे.
आप्पा म्हणाले, "तिसऱ्या वर्षी खायची भाजी? मी एक्क्याऐंशीचा आहे." पण पाकीट काही हातातून सोडेनात.

२० ऑक्टो.
बियांचं टरफल म्हणजे बाटलीचं बूच. स.ने पक्कड लावली, पहिल्या बीचा भुगा. आप्पा उठले आणि बॅगेतून अडकित्ता घेऊन आले. सुपारी मी आणू दिली नव्हती, अडकित्ता कसा आला कोण जाणे! दोन बिया वाया घालवल्या, मग हात बसला. ओवी मोबाइल घेऊन समोर. "आजोबा, वेट! वन मोअर टाइम!" तेरा वर्षांची घोडी, मराठी सगळं कळतं, तोंडातून निघत नाही. आप्पांनी तिच्यासाठी स्टँडवरचा आवाज काढला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." किती दिवसांनी घरात एवढं हसलो.
डझनभर बिया ओल्या फडक्यात. डबा फ्रिजमध्ये, दह्याच्या मागे.

२ नोव्हें.
वरच्या मजल्यावरच्या रशीदाभाभी दही मागायला आल्या, डबा दिसला, उघडला.
"अगो, मटकीला मोड न्हाय आले तुज्या. फ्रिजात कोन ठेवतं?"
काय ते सांगितलं तर पोट धरून हसायला लागल्या. त्या दापोलीच्या. "दर्याची भाजी आनि बर्फात!" आप्पा हसले नाहीत. संध्याकाळी दोनदा विचारलं, नक्की फ्रिजच ना?

२१ नोव्हें.
पेरल्या. लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या बादल्या, तळाला भोकं. आमच्या वाट्याचं अंगण दोन गाड्यांएवढं, त्यात एक गाडी उभी. उरलेलं आप्पांचं.
परतीचं तिकीट ३० तारखेचं होतं. मी म्हटलं, उगवलेलं तरी बघून जा. त्यांनी बादलीतली माती बोटाने सारखी केली. मग म्हणाले, "समीर, तिकीट पुढे सरकतं का रे?"
सरकवलं. व्हिसाही वाढवला.

११ डिसें.
उगवली! एक नाही, पाच! आप्पा पहाटे दारावर थापा मारत, "उठा, लागली!" मला वाटलं आग लागली. जाड जाड दोन पानं, टोकाला खाच. ओवी शाळेच्या बसला उशीर होईपर्यंत तिथेच.
आप्पा आता सोफ्यावर मागे टेकून बसतात.

९ जाने., शुक्रवार
वक्राच्या बीचवर गेलो. हवा सुरेख. थालीपीठ, लोणचं, दही. आप्पा पँट दुमडून पाण्यात उभे. येताना डिकीत पाण्याचा कॅन होता, मी विचारलं नाही. पिण्याचाच असेल.

१३ जाने.
पाचही आडवी.
कॅनमध्ये समुद्राचं पाणी होतं. समुद्रकोबी म्हणून समुद्राचं पाणी. इथला समुद्र म्हणजे लोणच्याचा खार, आणि रोपं बोटभर. रोज तांब्या तांब्या घातलं, मला आश्चर्याचा धक्का द्यायला.
मी ओरडले. "आप्पा, एकदा विचारायचं तरी! सगळं आपल्याच मनाने!" लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता कधी. "चुकलं माझं," म्हणाले आणि आत गेले.
रात्री जेवताना स.ला म्हणाले, तिकिटाचं बघ. आता इथे मला काय काम आहे?

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन त्यांच्या खोलीत गेले, वाकून नमस्कार केला आणि रडूच आलं. सांगून टाकलं. माझे वडील मी दहावीत असताना गेले, घरात कुणीतरी खाकरणारं, दार वाजलं की "कोण?" विचारणारं माणूस मला हवं आहे, रोपं गेली खड्ड्यात. ते गडबडले. "अगं सूनबाई, असं काय," एवढंच. पण तिळगूळ दोन खाल्ले.
जायचं की राहायचं, बोलले नाहीत. स.ने तिकीट अजून काढलेलं नाही. मुद्दाम विसरतोय. शहाणा आहे.

२४ जाने.
आप्पा रोज सकाळी त्या रिकाम्या बादल्यांत गोडं पाणी ओततात, खालून वाहून जाईपर्यंत. पुन्हा ओततात. मीठ धुताहेत. मी शेजारी कपडे वाळत घालते.

८ फेब्रु.
मागे राहिलेली एक बी उगवली!! तिसऱ्या बादलीत. या वेळी थापा नाहीत. मला हाताने खूण करून बोलावलं आणि कुजबुजले, "रशीदाबाईंना सांगू नकोस, दृष्ट लागेल." दहा मिनिटांनी स्वतःच जिन्यात उभे राहून त्यांना सांगत होते.

१४ मार्च
पानं पसरली. जाड, कडेला झालर, निळसर राखाडी. रशीदाभाभी म्हणाल्या, "ह्यो तर ताज्या सुरमईचा रंग गो!" शाकाहारी आप्पांना हे फार आवडलं, दिवसभर येईल त्याला सुरमई सांगत होते. रमजान म्हणून भाभी संध्याकाळी खिमा समोसे पाठवतात, आप्पांसाठी वेगळे बटाट्याचे. "मुद्दाम केलेले," हे ते आम्हाला तीन वेळा ऐकवतात.

१९ एप्रिल
व्हिसा आता वाढत नाही. खलास. आप्पा आज गेले. एअरपोर्टवर मी विचारलंच, "थंडीत याल ना?" तर म्हणाले, टाकीला गळती लागली असेल बघ.
घरी येऊन बादली बेडरूममध्ये, ए.सी.च्या झोतापासून जरा बाजूला ठेवली. स. म्हणतो, माझी उशी हलवली ती हिच्यासाठी!

२२ मे
बाहेर भट्टी. दर शुक्रवारी आप्पांचा व्हिडिओ कॉल. आधी बादली दाखवायची, मग ओवी, मग आम्ही. स.ला म्हणाले, तू वाळलास. रोप मात्र छान आहे.

२६ जून
पानं एकेक पिवळी पडत गेली. आज शेवटचं गळालं. बादलीत नुसती माती. मार्गारेटला मेल केला. तिचं उत्तर: आमच्याकडे थंडीत पानं झडतात, मुळं जिवंत असतात, वसंतात फुटतात. उन्हाळ्यात झडली तर काय, हे मात्र मला ठाऊक नाही. स. म्हणतो, गेलं. भाभी म्हणतात, भेंडी लाव. मला आप्पांना सांगायचं कसं ते कळेना. शुक्रवारच्या कॉलचं निमित्तच गेलं. आज नेट नाही म्हणून खोटं सांगितलं.

३ जुलै, शुक्रवार
शेवटी बादली दाखवली. म्हटलं, आप्पा, हे असं झालंय. ते चष्मा लावून स्क्रीनच्या अगदी जवळ आले, नुसतं कपाळच दिसत होतं.
"उकरून बघितलंस?"
"नाही."
"उकरू नकोस. कुणाला हात लावू देऊ नकोस. मी आलो की मीच उकरतो."
स. टी.व्ही. बघत होता, त्याने आवाज बंद केला. "कधी येताय, आप्पा?"
"शेजारच्या पांडूला टाकीची किल्ली देऊन ठेवली आहे," म्हणाले. "थंडी पडली की."
फोन ठेवला. मग स.ने आपली उशी स्वतःच आणखी थोडी सरकवली. मी बादलीत वाटीभर पाणी घातलं. खाली मूळ आहे की नाही, देव जाणे.