स्क्रीन विझली तरी

बाई, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला काही लिहिते आहे. रविवार आहे, घरात कुणी नाही, आणि सकाळपासून मी तीनदा उठले, तीनदा बसले. चहा समोर निवून गेला. मी आता सुर्ल्याच्या बाजूला एका शाळेत चौथीला शिकवते. हे तुम्हाला कळलं असतं तर हसला असता, कारण पार्श्याच्या शाळेत चौथीत असताना मला वाचता येत नव्हतं, हे फक्त तुम्ही ओळखलं होतं.

थोरला भाऊ घरी मोठ्याने वाचायचा, ते ऐकून अख्खं पुस्तक मला तोंडपाठ झालं होतं. आरत्या आणि भजनं आम्ही सगळे अशीच शिकलो, तेव्हा वाचणं म्हणजे हेच, असं मी धरून चालले होते. एकदा तुम्ही माझ्यापुढे मुद्दाम भलतंच पान उघडलंत आणि मी आपली पहिलाच धडा घडाघडा म्हणत राहिले. तुम्ही वर्गाला काही कळू न देता पुस्तक मिटलंत. शनिवारी घरी बोलावलंत. चुलीवर पेज रटरटत होती. पाववाल्या पोदेराने पाव बांधून दिलेला वर्तमानपत्राचा कागद तुम्ही माझ्यापुढे सरळ केलात आणि म्हणालात, "हें वाच. हें तुज्या भावान वाचूंक ना." मला एक शब्द येईना. मी रडले, तुम्ही पेज वाढलीत. मग वर्ष संपेपर्यंत दर शनिवारी पावाचा कागद. तेव्हा मला तुमचा फार राग यायचा, तेही लिहून टाकते.

आता आमच्याकडे टॅब आलेत. टॅब आधी स्वतः धडा वाचून दाखवतो, एकेक शब्द पिवळा होत जातो, मग मूल वाचतं आणि मिनिटाला किती शब्द झाले ते टॅब मोजतो. पुरेसे झाले की नावापुढे हिरवी खूण. यंत्राला मी नावं ठेवणार नाही. ओळीत हरवणारी काही मुलं त्या पिवळ्या शब्दाला धरून खरंच वाचायला लागली. हिरव्या मुलांचा वाचनाचा जादा तास बंद होतो आणि तो वेळ मागे राहिलेल्यांना मिळतो, हेही बरोबरच. वर्गातली एक मुलगी, खनिजाच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरची, दोन महिन्यांत हिरव्यात आली. सगळ्यांत वेगवान तीच. मी शाळाभर तिचं कौतुक करत फिरले. परवा ती वाचत असताना चार्जिंग संपलं आणि स्क्रीन काळी झाली. ती वाचतच राहिली. काळ्या काचेवरून बोट फिरवत, कुठेही न अडखळता, शेवटच्या वाक्यापर्यंत.

काल शाळा सुटताना तिचा बाप फाटकाशी उभा होता. स्वतःला वाचता येत नाही, ट्रिपची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घेतो, हे तो लपवत नाही. विचारतो, "टीचर, आमचें चेडूं आतां बरें वाचता मगो?" पुढच्या वर्षी ती डिचोलीच्या मोठ्या शाळेत जाणार. तिथे तिला अक्षरापासून कोण शिकवणार? हिरव्या मुलांची यादी सोमवारी वर जायची आहे. तिचं नाव काढलं तर जादा तास तिला परत मिळेल, पण माझं हसं होईल, आणि बाकीच्या हिरव्यांपैकी किती जणांना नुसतं पाठ आहे तेही बघावं लागेल. ते बघायचं धाडस मला होत नाही. म्हणून ही तगमग.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ही माझी सोयच. तुमच्यासमोर बसून हे बोलता आलं नसतं. बाई, त्या मुलीचं वाचून संपलं तेव्हा मी तिला शाबास म्हणाले. बापाला "हय, बरें वाचता" म्हटलं. आणि यादी सोमवारी जायची आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. ती मी कालच पाठवली.