घर, तळं, चार मासे आणि एक वाक्य यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त, हे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीला भुलून मी हे करत नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितलं. मी खाली दोनपर्यंत आले तेव्हा त्यांनीच हात जोडले.

स्मरणशक्तीबद्दल मात्र एक गोष्ट कबूल करते. चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी तिने मला दगा दिला, आणि त्यापायी माझी मुलगी या घरातून गेली ती आजतागायत परत आलेली नाही. हे मृत्युपत्र मी तिच्यासाठी करते आहे. बाकीची कलमं वकीलसाहेबांच्या समाधानासाठी. त्यांनी तीनदा सांगितलं, "बाई, इतकं लिहायची गरज नसते." मी म्हटलं, "तुम्हाला नसेल." तेव्हा कलमांचे आकडे त्यांचे आणि मजकूर माझा आहे.

कलम १. घर

खाली दोन खोल्या, वर एक, मागे अंगण आणि अंगणात तळं, असं हे घर माझ्या कमाईचं आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते पूर्णपणे मी माझ्या मुलीला देते. ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत राहते. हे घर आपल्यालाच मिळणार असा माझ्या मुलाचा समज आहे. तो समज मीच इतकी वर्षं पोसला, तेव्हा त्याला राग आला तर तो रास्त आहे. तो त्याने माझ्यावर काढावा, बहिणीवर काढू नये.

कलम २. तळं

तळ्यात कोई जातीचे शोभेचे मासे आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा बरणीत ठेवायचा मासा नाही. नीट वाढवला तर हाताएवढा लांब होतो आणि तीस वर्षं जगतो. लोक गुडघाभर खड्डा खणतात, त्यात पन्नास पिल्लं सोडतात आणि मग वाढत नाहीत म्हणून गळा काढतात. आमचं तळं पुरुषभर खोल आहे. माझे पती आणि मी दोघांनी मिळून ते खणलं. त्यांची कंबर त्यात कायमची गेली, हेही इथे नमूद करते. तळ्यात आठांच्या वर मासे मी कधी ठेवले नाहीत. दर हंगामाला कमी पडणारे काढून टाकायचे आणि मोजके ठेवायचे, असं ते काम असतं. मला ते जमायचं. एकतीस वर्षं मी पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या उजेडासमोर धरून तडा गेलेल्या बाजूला काढत होते. मुलगी लहानपणी म्हणायची, "आई, तू आमच्याकडेपण तशीच बघतेस." मी हसण्यावारी न्यायचे.

दर आठवड्याला तळ्यातलं थोडं पाणी काढून नवीन घालावं लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. माणसाला ते चालतं, माशांचे कल्ले त्याने भाजून निघतात. म्हणून घालायच्या पाण्याच्या हिशेबाने क्लोरीन मारायचं औषध आधी बादलीत विरघळवून तळ्यात ओतायचं, मगच पाइप सोडायचा. ठरल्यापेक्षा जास्त पाणी गेलं की औषध पुरत नाही आणि मासे मरतात. तळी बाळगणाऱ्यांच्या घरी रोगाने मरतात त्याहून जास्त मासे बंद करायच्या राहिलेल्या नळाने मरतात. म्हणून आमच्यात एक पद्धत आहे. नळ सोडला की गळ्यात काहीतरी अडकवायचं, आणि नळ बंद केल्याशिवाय ते काढायचं नाही. कोणी किल्ली अडकवतं, कोणी जुना चमचा. माझी कारखान्यातली शिट्टी होती, पट्टा थांबवायला वाजवायचो ती. शिट्टी गळ्यात म्हणजे नळ चालू, खुंटीवर म्हणजे बंद. घरातलं पोरसोरही हे जाणून होतं.

कलम ३. त्या दुपारची हकिगत

त्या दिवशी आमच्या मत्स्यप्रेमी मंडळाचे अध्यक्ष मासा मोजायला येणार होते. माझी 'मास्तरीण' नावाची पांढरी-लाल मादी ऐंशी सेंटिमीटरला टेकली होती. मंडळात तोवर कोणाचाही मासा तिथे पोहोचला नव्हता, आणि बाईचा तर नाहीच. अध्यक्ष दोन वर्षं मला म्हणत होते, "बाई, फूटपट्टी घरची असली की मासा लांब भरतो." त्यांचं तोंड मला बंद करायचं होतं. दुसरं काही मनात नव्हतं.

ते वेळेच्या आधी आले. मी नुकताच पाइप सोडला होता. घाईत नळ पूर्ण सोडला, कारण मोजणीआधी पाणी ताजं दिसावं. बेल वाजली. अंगणातल्या खुंटीशेजारच्या आरशात पाहिलं तर अंगावर ठेवणीतले कपडे आणि गळ्यात कारखान्याची शिट्टी. मोठ्या बंगल्यातल्या माणसासमोर पट्ट्यावरची बाई म्हणून उभं राहायची मला लाज वाटली. मी शिट्टी काढून खुंटीला लावली आणि दार उघडलं.

मास्तरीण एक्याऐंशी भरली. पाइपचं तोंड गाळणीच्या पेटीमागे पाण्याखाली असतं, त्यामुळे आवाज येत नाही. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई कुंपणापाशी टाळ्या वाजवत होत्या. मग आम्ही सगळे, हेसुद्धा, अध्यक्षांच्या गाडीतून मंडळाच्या कचेरीत नोंद करायला गेलो. तिथे सरबत झालं, भाषण झालं, माझा फोटो काढला. अध्यक्षांच्याच गाडीने सगळे परत आलो तेव्हा पाच तास उलटून गेले होते. सात मासे आडवे तरंगत होते, मास्तरीण त्यातच होती. आठवा कोपऱ्यात तोंड वर काढून धापा टाकत होता.

मी पहिल्यांदा खुंटीकडे पाहिलं. शिट्टी खुंटीवर होती. म्हणजे नळ मी सोडलाच नव्हता. माझ्या मनाला दुसरा हिशेब येतच नव्हता. पाइप हातात घेतल्यापासून मोजणीपर्यंतचं काही डोक्यात उरलं नव्हतं. मुलगा दुपारच्या पाळीला गेला होता. दिवसभर घरात एकटी मुलगी होती, ताप आला म्हणून झोपलेली. ती आवाज ऐकून बाहेर आली.

"आई, मी नळाला हात लावला नाही."

"मग काय माशांनी सोडला?"

हे मध्ये पडले. "अगं, तिला नीट विचार तरी."

मी विचारलं नाही. यांच्या, अध्यक्षांच्या आणि शेजारणीच्या देखत मी माझ्या पोटच्या मुलीला म्हणाले, "या माशांऐवजी तू मेली असतीस तर चाललं असतं मला."

जसं बोलले तसं लिहिलं आहे. वकीलसाहेब म्हणत होते, 'कठोर शब्द वापरले' एवढं पुरे. मी ऐकलं नाही.

मुलगी म्हणाली, "बरं. मग तसंच समज." ती त्याच आठवड्यात गेली. हे दर रविवारी केस कापायला म्हणून तिच्याकडे जायचे. डोक्यावर केस किती उरलेत ते मला दिसत होतं, पण मी कधी विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा ती आली, माझ्यापासून लांब उभी राहिली आणि निघून गेली.

कलम ४. मुलगा

मागच्या पावसाळ्यात पाइप चालू असताना कुरिअरवाला आला आणि मी शिट्टी काढून सहीला गेले. मुलगा घरी आला होता. त्याने जाऊन नळ बंद केला आणि आत येऊन सहज म्हणाला, "काय गं आई, परत शिट्टी काढून ठेवलीस? त्या दिवशीसारखी?"

मी विचारलं, "कोणत्या दिवशीसारखी?"

त्याचा चेहरा पडला. कामावर जायच्या आधी तो वरच्या खिडकीत दाढी करत होता. मी नळ सोडताना आणि नंतर शिट्टी काढताना त्याने पाहिलं होतं. ते ऐकलं आणि मला बेल, आरसा, ती लाज, सगळं आठवलं. तेरा वर्षं हा मुलगा मूग गिळून बसला. ह्या ताटात जेवला, बहिणीचा विषय निघाला की पाणी प्यायला उठला, आणि तळं बुजवून तिथे गाडी लावायचे बेत मला सांगत राहिला. मी बोलले तेव्हा तो म्हणाला, "आधी भीती वाटली, मग फार उशीर झाला. आणि तू मला कधी विचारलंस?"

ते खरं आहे. मी कोणालाच विचारलं नव्हतं. पण तेवीस वर्षांचा नोकरीवाला माणूस विचारायची वाट बघत नसतो, हेही खरं आहे.

बँकेत माझ्या माघारी जे उरेल ते त्याला द्यावं. आई म्हणून देते. घर देत नाही, तेही आई म्हणूनच. शिट्टीसुद्धा त्याला द्यावी. ती चालू स्थितीत आहे. ती वाजवायची वेळ त्याच्यावर आली होती तेव्हा त्याने वाजवली नाही, म्हणून त्याच्याकडे राहू दे.

कलम ५. मासे

तळ्यात चार मासे आहेत. त्यातला एक त्या दिवशी वाचलेला आठवा. त्याचे कल्ले भाजले होते, त्यामुळे तो वाढला नाही, तरी खादाड आहे. हे चारही मी आमच्या पंपवाल्याला देते. वीस वर्षं तो पंप दुरुस्त करतो आहे, आणि माझ्याशी भांडून आल्यावरसुद्धा माशांना हाक मारल्याशिवाय जात नाही. त्याच्यासाठी सूचना: माशाला जाळीने पाण्याबाहेर उचलू नये, पाठ मोडते, पाण्यासकट टबात घ्यावं. थंडीत खायला घालू नये, कितीही तोंडं वासली तरी. आणि गळ्यात काहीतरी अडकवावं, कोणीही आलं तरी काढू नये.

मुलीवर माशांची जबाबदारी टाकू नये. तळं बुजवायचं असेल तर तिने खुशाल बुजवावं. तिथे तिने गाडी लावली तरी माझी हरकत नाही. मुलाने लावली असती तर होती.

कलम ६. करंडक

एक्याऐंशी सेंटिमीटरचा करंडक मंडळाने मला मासा मेल्यावर महिन्याभराने आणून दिला. अध्यक्ष म्हणाले, "नोंद जिवंतपणी झालेली आहे, नियमात बसतं." मी घेतला. दुसरी कोणी असती तर त्यांच्या डोक्यात घातला असता. तो मंडळाला परत करावा, आणि त्यावर माझं नाव कोरलेलं आहे ते घासून काढावं.

कलम ७. मुलगी

मुलाकडून खरं कळल्यावर मला ते तिला सांगायचं धैर्य व्हायला काही महिने गेले. गेल्या महिन्यात मी तिच्या दारी गेले. तिने दार उघडलं. हाताला कवळ्यांच्या साच्याचं पांढरं प्लास्टर होतं, केस बरेच पिकले आहेत. मी पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं. नळ मी सोडला, शिट्टी मी काढली, तुझ्या भावाने पाहिलं होतं, तू निर्दोष आहेस. मला वाटलं ती रडेल, किंवा मला आत घेईल. लाज वाटते, पण मला वाटलं होतं ती मला आत घेईल.

ती म्हणाली, "मी नळ सोडला नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आई. ते सांगायला तू एवढ्या लांब आलीस?"

मग म्हणाली, "समज, सोडला असता मी. तापात उठून सोडला असता आणि विसरले असते. मग तू बोललीस ते बरोबर होतं का?"

तेरा वर्षं मी दोष कोणाचा ते बघत होते. तिने पाण्याचा पेला आणून दिला, दारातच. मी तो उभ्याने प्यायले आणि परत आले.

म्हणून हे शेवटचं कलम. याआधी मी केलेली मृत्युपत्रं असली तर ती रद्द समजावीत. त्याचबरोबर त्या संध्याकाळी मागच्या अंगणात मी माझ्या मुलीला उद्देशून जे वाक्य बोलले, ते मी मागे घेते. नळ कोणी सोडला होता याचा त्याच्याशी संबंध नाही. तिने सोडला असता तरी मागे घेतलं असतं. सात काय, सातशे मासे मेले असते तरी ते वाक्य माझ्या तोंडून निघायला नको होतं. तू जगलीस हे मला हवं होतं आणि हवं आहे.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्राने मृत्युपत्र रद्द होतं, बोललेलं रद्द होत नाही." मी म्हटलं, "मला माहीत आहे. लिहा." ते असंही म्हणाले की मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. बाकीची कलमं तशी होऊ देत. या एका कलमाची प्रत आजच तिच्या पत्त्यावर जाईल. तिने उत्तर द्यावं अशी अट नाही.

ठिकाण: राहतं घर, मागचं अंगण
तारीख: ९ मार्च २०२६, सोमवार

(सही) लिहून ठेवणार, आई

साक्षीदार या मृत्युपत्राचे लाभार्थी नाहीत. ते त्या संध्याकाळी इथेच हजर होते, म्हणून त्यांनाच बोलावलं आहे. दोघांनी आपल्या हाताने लिहून खाली सह्या केल्या आहेत.

साक्षीदार पहिली, शेजारीण, शिवणकाम करणारी: बाईंनी माझ्यासमोर सही केली. ते वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं. आज मागे घेतलेलंही ऐकलं.
(सही)

साक्षीदार दुसरे, मंडळाचे माजी अध्यक्ष: माझ्यासमोर सही झाली. वरीलप्रमाणे मीही ऐकलं होतं, आणि तेव्हा गप्प राहिलो.
(सही)