पावसातला पहिला नंबर

११ जानेवारी, रविवार, दुपार

मी पहिली आले. मी!

अक्षर वाकडंतिकडं येतंय. थंडीने की कशाने, कळत नाही. खाणीमागच्या डोंगराची शर्यत, बायकांचा गट, पहिला नंबर — त्साय-लुआन, रेनकोटच्या दुकानातली! दरवर्षी या शर्यतीत मी शेवटची असते. माझ्यामागे फक्त बाणांच्या पाट्या गोळा करणारे येतात. आणि आज शेवटच्या रेषेवर पोचते तर फीत तशीच ताणलेली. वाटलं, काढायची राहून गेली असेल. बाजूने जायला लागले तर शर्यत भरवणारे लाइ सर ओरडले, "अगं मधून! मधून ये! तोडायची असते ती!"

तोडली. टाळ्या पडल्या, त्याही आधी दोन-तीनच. सगळे माझ्यामागे बघत होते — बाकीच्या कुठेयत? मीही वळून बघितलं. मागे नुसता पाऊस.

झालं असं की सकाळपासून ईशान्येचा वारा सुटलेला. कीलुंग बंदराचा पाऊस आम्हाला नवा नाही, पण आजचा आडवा येत होता, सुईसारखा. दुफाट्यावरची बाणाची पाटी वाऱ्याने उडाली. तिथे उभं राहायला नेमलेला माणूस गाडीत जाऊन बसलेला! सगळ्या बायका उजवीकडे वर जायच्या त्या डावीकडे दरीत उतरल्या. मी पाटी बघितलीच नाही. मान खाली, टोपी कपाळावर. वरच्या वाटेला बाबांची कबर आहे, दर चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, गवत कापायला जाते, पाय आपोआप तिकडे वळले.

अर्ध्या तासाने त्या आल्या, एकेक, गुडघ्यापर्यंत चिखल. ताइपेहून आलेली एक उंच बाई सरांवर तुटून पडली, "ही शर्यत आहे की गुरं हाकणं?" आमच्या धावण्याच्या मंडळातले पुरुष मात्र खूश. "गोगलगाईला पंख फुटले!" मला कप दिला. घेतला. फोटो काढला. अंगावर दुकानातला पिवळा रेनकोट, गुडघ्यापाशी कात्रीने कापलेला, आणि लोकरी हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे. असा फोटो!

फक्त अ-चू अजून आलेली नाही. म्हणजे तीही दरीत उतरली तर! माझी नणंद, लिएन-चू, गेली चार वर्षं हा कप तिच्याच घरी जातो. कुठेतरी आडोशाला बसून चडफडत असेल.

खोटं कशाला लिहू, तिने येऊन हा कप माझ्या हातात बघावा, असं फार वाटतंय.


संध्याकाळ

अ-चू आली नाही. फोन लागत नाही.

शर्यत संपते त्या शाळेच्या मैदानावरच आहोत अजून, तंबूत. अग्निशमनवाले वर गेलेत, कुत्रं घेऊन. तेंग-को, माझा नवरा, त्यांच्याबरोबर जाणार म्हणत होता. "माझी बहीण आहे ती!" तर त्यांनी अडवलं. दरीत ओढ्याला पाणी चढलंय. तो तंबूच्या दोराला धरून उभा आहे. मी आल्याचं गरम पाणी दिलं, ते तसंच हातात.

कप पिशवीत खाली ठेवून दिलाय. त्याच्याकडे बघवत नाही.

अंधार पडला.


१२ जानेवारी

सापडली! जिवंत!

उजाडता उजाडता. दरीच्या पार तळाशी, जुन्या खाणीच्या तोंडाशी पहाऱ्याची पडकी खोली आहे, तिथे. घोटा मोडलाय, दोन बरगड्या पिचल्यात. पावसात घसरून ओढ्यात पडली आणि तिथून सरपटत त्या खोलीपर्यंत गेली म्हणे. मी स्ट्रेचर खाली येताना बघितलं. ओठ जांभळे. चेहऱ्यावर काही ओळख नाही. मी "अ-चू" म्हणून हात धरला, तो हात मासळीबाजारातल्या बर्फासारखा!

डॉक्टर म्हणाले, "थरथर थांबलेली होती. थरथर थांबते तेव्हा खरी भीती असते. अंगातल्या जॅकेटने वाचवलं. वारा आत शिरू दिला नाही."

ते जॅकेट. निळं, कागदासारखं पातळ, शिवणी आतून पट्टीने बंद केलेल्या. मुठीत मावतं. तिने ते आमच्याकडे न घेता ताइपेहून आणलं तेव्हा मी आठवडाभर तोंड फुगवून होते. आमचं दुकान असताना! तर म्हणाली होती, "वहिनी, तुझं प्लास्टिक घालून धावले तर बाहेरून कोरडी, आतून घामाची आंघोळ. ते मासे उतरवणाऱ्यांना विक."

बरं झालं माझं ऐकलं नाहीस ग बाई. बरं झालं.


१३ जानेवारी

दुकान उघडलं. पाऊस, गिऱ्हाईक भरपूर. पण जो येतो तो रेनकोटच्या घड्या उलटत एकच विचारतो. "तुम्ही जिंकलात म्हणे?" आणि आवाज खाली आणून, "नणंद चुकली म्हणे?"

लाइ सर आले होते. सत्तरी गाठलीय, निम्म्या कीलुंगला धावायला यांनी शिकवलं. दारात छत्री झटकत राहिले, आत येईनात. दुफाट्यावरच्या माणसाबद्दल माफी मागितली, कमरेत वाकून. मलाच कसंतरी झालं. मग म्हणाले, "पण एक कळत नाही मला. बाकीच्या चुकल्या, कळून परत फिरल्या. लिएन-चू इतकी खाली कशी गेली? तो डोंगर तिला पाठ आहे."

तेंग-को मापाची पट्टी गुंडाळत होता. मान वर न करता बोलला, "घाई. लहानपणापासून तेच. पुढे कोणी दिसलं की तिला राहवतच नाही. वाट असो नसो, आधी मागे टाकायचं. जवळची वाट काढायला गेली असेल."

सर छत्री उघडून निघाले. मी मनात म्हटलं, खरंच आहे. बस चालवतानासुद्धा तशीच चालवते. एकशेचार नंबरची बस वळणावर आली की म्हातारे लोक आधीच दांडा धरतात.

चार वर्षं जिंकून पोट भरलं नाही. पाचव्यांदा जिंकायला दरीत उडी! आणि भाऊ रात्रभर दोर धरून उभा.

राग आलाय मला. काल रडत होते, आज राग. माणसाचं काही खरं नाही.


१४ जानेवारी

शुद्धीवर आहे. बोलत नाही.


१५ जानेवारी, गुरुवार

तिळाच्या तेलातलं कोंबडीचं सूप घेऊन गेले, आलं भरपूर घालून. चार घोट प्यायली. मी म्हटलं, "मीठ बरोबर आहे का?" मान हलवली. एरवी मीठ बरोबर असलं तरी नावं ठेवेल!

नर्सशी बोलते. भावाशी हो-नाही एवढं. माझ्याकडे बघितलं की भिंतीकडे वळते. बरगड्या दुखत असताना वळते.

मग मीच विषय काढला. "कपाचं मनाला लावून घेऊ नकोस. तो तुझाच. घरी आलीस की तुझ्या कपाटात ठेवू."

तेव्हा बघितलं माझ्याकडे. कसं ते सांगता येत नाही. रागाने नव्हे. जणू मी कुठल्या भलत्याच भाषेत बोलले. मग डोळे मिटले.

बाहेर आल्यावर जिन्यात बसले थोडा वेळ. तेवीस वर्षं या घरात आहे मी. लग्नाच्या दिवशीच हिने मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं होतं, "चढ चढता येतो का हिला?" घर टेकडीवर, शंभरेक पायऱ्या. मी धापा टाकत वर पोचले तेव्हा ही दारात उभी राहून हसत होती. धावायला लागले तेसुद्धा हिच्याच तोंडाला कंटाळून. म्हटलं, एक दिवस दाखवीन.

दाखवलं. आणि आता हे असं.


१६ जानेवारी

तेंग-को मात्सू देवीच्या देवळात जाऊन लाकडी तुकडे टाकून कौल लावून आला. बहीण पुन्हा धावेल का? देवीने धड हो म्हटलं नाही, धड नाही म्हटलं नाही. दोन्हीदा हसरा कौल, दोन्ही तुकडे उताणे. "देवीपण हसतेय मला," म्हणाला, आणि रडला. माझ्या नवऱ्याला रडताना सासरे वारले तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आज.


१८ जानेवारी, रविवार

काय लिहू? कसं लिहू?

दुपारी दुकानात ती ताइपेची उंच बाई आली. सरांना गुरं हाकण्यावरून बोलली होती तीच. फांग बाई. हातात अननसाच्या केकचा डबा. मला वाटलं कपाबद्दल भांडायला आली. मी आधीच म्हणून टाकलं, "निकाल रद्द करायला माझी काही हरकत नाही."

ती म्हणाली, "निकाल गेला खड्ड्यात. मला त्या बाईंना भेटायचंय. निळं जॅकेट. कुठल्या हॉस्पिटलात आहेत?"

मी म्हटलं, ती माझी नणंद.

तशी तिने माझे दोन्ही हात धरले. परक्या बाईने! "अहो, त्या नसत्या तर आम्ही ओढ्यात जाऊन पडलो असतो. आम्ही सगळ्या एकीमागे एक उतरत होतो. पुढचीच्या टाचा सोडून काही दिसत नव्हतं. आणि एकदम वरून आवाज — वरून हं! 'कुठे चाललात? मेलात की काय? मागे फिरा!' असा आवाज, बसमधून उतारूंना ओरडतात तसा. बघतो तर त्या उभ्या उतारावरच्या गवतातून घसरत, बसत, खाली येतायत."

"वरून?" मी विचारलं.

"वरून. वरच्या वाटेवरून. त्या बरोबर वाटेवरच होत्या. पाटी उडायच्या आधीच दुफाटा ओलांडून गेलेल्या. तिथून आम्ही खाली दिसलो त्यांना."

गमबुटांच्या खोक्यावर बसले.

म्हणजे ती चुकली नव्हती. ती सगळ्यांच्या पुढे होती. कप तिच्या खिशातच होता म्हणा ना! सरळ धावत सुटली असती तर — आणि ती वाट सोडून खाली आली. अ-चू! जी पदपथावरसुद्धा कुणाला पुढे जाऊ देत नाही!

फांग बाई सांगत होती, "एकेकीला दंडाला धरून वळवलं त्यांनी. एक जण रडायला लागली तर तिला म्हणाल्या, 'रडायचं ते वर जाऊन रड.' आम्ही वर चढायला लागलो. मला वाटलं त्याही येतायत. मागे बघते तर त्या आणखी खाली उतरतायत. मी ओरडले, 'अहो, पुढे कुणी नाही, मीच सगळ्यात पुढे होते!' तर म्हणाल्या, 'अजून एक आहे.' आणि गेल्या."

"मग तुम्ही तेव्हाच सांगितलं का नाही?" मी जरा जोरातच विचारलं.

ती केकचा डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "मला वाटलं, ज्यांना शोधत होत्या त्या सापडल्या असतील. दुसऱ्या वाटेने आल्या असतील. मी गारठले होते, चिडले होते, गाडी पकडून घरी गेले. बातमी दुसऱ्या दिवशी वाचली. तेव्हापासून झोप नाही मला."

तेंग-को आतल्या दारात उभा होता. सगळं ऐकलं त्याने. हातातली पट्टी सुटून जमिनीवर उलगडत गेली, उचललीही नाही. फक्त म्हणाला, "आणि मी घाई म्हटलं."

पण त्या दिवशी दरीत दुसरं कुणीच नव्हतं. अग्निशमनवाल्यांनी सगळी नावं ताडून बघितली होती. जेवढ्या निघाल्या तेवढ्या परत आल्या, फक्त अ-चू राहिली होती. मग अजून एक कोण?


१९ जानेवारी

सकाळीच गेले. विचारलं, "खाली कुणाला शोधत होतीस?"

भिंतीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आणखी कोणाला? त्या रांगेत तू नव्हतीस, मागच्या वाटेवरही दिसली नाहीस. म्हटलं, ही बया सगळ्यांच्या आधी चुकली असणार."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करू? तू तिकडे कप घेऊन फोटो काढतेयस, असं कळलं." आणि हसायला गेली, तर बरगडी दुखली. "घसा बसला म्हणून बोलत नव्हते. ओरडून ओरडून."

मी तेव्हा चढाच्या पायथ्याशी छपरीत बसले होते. पाऊस जरा कमी होऊ दे म्हणून. आल्याचं गरम पाणी पीत. पाणी देणाऱ्यांना विचारत होते, अजून थोडा गूळ आहे का.