शिरगावच्या मांडवावरून

११ एप्रिल १९५४, रविवार
आजपासून चंदू मेला. म्हणजे माझ्यापुरता.
बदलापूरच्या एकाच आळीत वाढलो, अंबरनाथला एकाच काडेपेटीच्या कारखान्यात कामाला लागलो, दर रविवारी बरोबर जुहूला विमान शिकायला जातो. आणि आज त्याने माझी चुगली केली. एकट्याने उडताना मी पुढच्या रिकाम्या सीटचे पट्टे बांधले नव्हते. सुटे पट्टे विमान वळवायच्या दांड्यात अडकले तर विमान ऐकत नाही म्हणे. अडकले का? नाही. पण कॉन्ट्रॅक्टर साहेबांनी (हे आमचे इन्स्ट्रक्टर, आडनाव कॉन्ट्रॅक्टर) सगळ्यांसमोर सांगितलं, महिनाभर विमानाला हात लावायचा नाही.
चंदू म्हणे, तुझ्या जिवासाठी सांगितलं. माझ्या जिवाचा मक्ता याला कोणी दिला?
सूड घेणार. घाई नाही.

१४ एप्रिल
साहेबांनी शिक्षा म्हणून सेफ्टीचे नियम पाठ करायला दिलेत. चाळले. भित्र्या माणसाने लिहिलेले दिसतात. उडण्याआधी वारा कुठून येतो ते पाहा. मी काय पतंग उडवतोय?
उद्यापासून पहाटे उठून व्यायाम. चहा बंद.

१५ एप्रिल
उठलो नाही. चहा घेतला, पण आग्रहाखातर.

२५ एप्रिल, रविवार
चंदूचं लग्न ठरलं. १६ मे, मुलीच्या गावी, शिरगावला. स्वतः आमंत्रण द्यायला आला. म्हणाला, मांडवात माझ्या बाजूला तूच उभा राहायचंस. त्याची आई कौसाबाई पण बरोबर होती. ती म्हणाली, हिरामणशिवाय आमचं कार्य कसलं.
मी गूढ हसलो. १६ मेपर्यंत माझी बंदी संपते.

२ मे
योजना पक्की. वरात, पाहुणे, भटजी, सगळे मांडवात. वरून मी. मांडवावर खाजकुइली सोडायची. नवरदेव अंतरपाटामागे खाजवतोय, हे दृश्य बदलापूर गाव जन्मभर विसरणार नाही.
नवसू बारवी नदीकडच्या वाडीवरून कारखान्यात लाकूड उतरवायला येतो. त्याला वाळलेल्या शेंगा आणायला सांगितल्या. कोणासाठी, त्याने विचारलं. म्हटलं, सायंटिफिक प्रयोग आहे.

५ मे
उल्हासनगरला सिंधी कॅम्पात जाऊन पायलटचा चष्मा घेतला, लढाईतला. दुकानदार म्हणाला, साईं, तुमच्यासाठीच ठेवला होता. माणसाची पारख आहे. घरी आल्यावर आई म्हणाली, वेल्डिंगचं काम मिळालं का.

९ मे
कौसाबाई बाजारात भेटली. लग्नात काय घालणार विचारत होती. चंदूने तुझ्यासाठी फेटा आणलाय म्हणाली. सुडापासून दोन पावलं मागे गेलो. मग चुगली आठवली. पुन्हा पुढे आलो. फेट्याला भुलणारा मी नव्हे.

१५ मे
पिशवी भरली. ओलं फडकं हाताला बांधून. तरी करंगळीला थोडं लागलं. माल उत्तम आहे.
उद्या समुद्राकडे सराव करतो, असं साहेबांना सांगितलंय. जिथे जायचं तेच सांगून निघा, असाही एक नियम आहे. सूड घेणाऱ्यांचा विचार या लोकांनी केलेलाच नाही.

१६ मे, संध्याकाळ
उजव्या हाताने लिहितोय. डावा खाजवतोय.
सकाळी पट्टे बांधले. (कोणी बघत होतं म्हणून.) दुपारच्या आत शिरगावचा मांडव दिसला. खाली आलो. सगळी मंडळी मांडवाबाहेर येऊन वर बघू लागली. पिशवीचं तोंड सोडलं आणि बाहेर रिकामी केली.
विमान पुढे जातं, वारा मागे येतो. माल सगळा माझ्यावर आला. मान, कान, सदऱ्याच्या आत. डोळे वाचले, म्हणजे चष्म्याची खरेदी योग्यच होती.
मांडवाशेजारच्या माळावर उतरलो. उतरणं उत्तम झालं, हे कोणीही नाकारू शकत नाही. विमान थांबताच उडी मारली आणि गवतात लोळलो.
इंजिन चालू होतं.
लोक धावत येत होते. सगळ्यांत पुढे कौसाबाई. डोक्यावर पदर, हातात आरतीचं ताट. विमानाला ओवाळायला. विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा दिसत नाही. तो तिथे नसल्यासारखाच असतो. ती सरळ त्यावरच येत होती. मी ओरडलो. माझं मलाच ऐकू आलं नाही.
चंदू मुंडावळ्यांसकट बाजूने आला आणि तिला असं ढकललं की ती ताटासकट पडली. मग विमानाच्या पंखांमागून फिरून जाऊन त्याने इंजिनचे स्विच बंद केले.
एवढंच म्हणाला, "हिरा, स्विच का बंद केले नाहीस?"
मी पुन्हा गवतात लोळलो. खाज होती.

१७ मे
सूड फसला असं म्हणता येणार नाही. अपेक्षेपेक्षा वेगळा लागला.
गावभर एकच चर्चा. चंदूच्या लग्नाला विमानाने सलामी दिली. असं लग्न पंचक्रोशीत झालं नाही. पाहुणे त्याच्याकडे नुसतं बघायला येताहेत. त्याने सगळ्यांना सांगितलंय, हिराचं इंजिन बिघडलं, तरी त्याने कसं सुखरूप उतरवलं बघा.
विमान न्यायला कॉन्ट्रॅक्टर साहेब आले होते. सीटवर एक शेंग सापडली. उचलली. नंतर बराच वेळ खाजवत होते.

२३ मे, रविवार
क्लबमधून माझं नाव काढलं. मी तरी सोडणारच होतो. हवा मानवत नाही.
आता साहेबांचा सूड. योजना:

२४ मे
योजना सुचली नाही. रात्री डोळे मिटले की ते ताट दिसतं. खाजेमुळे असेल.

३० मे, रविवार
कौसाबाई घरी आली. लग्नाचे लाडू घेऊन. मनगटाला आंबेहळदीचा लेप. म्हणाली, "पोरा, येवढा वरून आलास नि जेवल्याबिगर गेलास."
मग बसली आणि रडली. चंदूने भर लग्नात, नव्या व्याह्यांसमोर आईला ढकललं. ओवाळणी मातीत घातली. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, पाय अडखळला. पंधरा दिवस ती त्याच्याशी बोललेली नाही. नवी सून दोघांच्या मधे निरोप नेते. तुझ्यासारखा लेक असता तर, म्हणाली.
चंदूने तिला पंख्याचं सांगितलेलंच नाही.
मी सांगायला तोंड उघडलं. तिने त्यात लाडू घातला.
चांगला होता. दुसरा मागून घेतला.