जागृतीची पट्टी

४ फेब्रुवारी

पोरं जिंकली. तेच तर दुखणं!

हवामानबदल शिकवायला नणंदेनं आणि मी केलेलं संगणकातलं शहर आज आठवीच्या वर्गावर चालवून पाहिलं. पडद्यावर चार पट्ट्या – बस वाढवा, घरं थंड राहतील अशी बांधा, कारखान्यांना नियम लावा, जनजागृती करा. पट्टी ओढली की विजेचा वापर घटतो, तापमानाची रेघ वाकते. पोरांनी बाकी कशाला हात लावला नाही. जागृती टोकापर्यंत ओढली, रेघ आडवी झाली, सगळे मैदानात पसार. शिक्षिका खूश.

नणंद मात्र तीच पट्टी मागेपुढे ओढून बघत बसली. आकडेमोड सगळी तिची. आता ती हिशेब मागणार.

५ फेब्रुवारी

जेवताना ठिणगी पडलीच. "वहिनी, जागृतीने वीज पाचव्या हिश्शाने घटते, हा आकडा कुठून आणलास?"

अनुभवातून, म्हटलं. अर्धं आयुष्य सभा गाजवल्यात.

"सभा गाजते गं. मीटरला कान नसतात."

नवरा कुणाच्या बाजूने? ताटाच्या.

माणसं शब्दांनीच उठली आहेत, राज्यं उलथली आहेत. आणि ही म्हणे, पुरावा दे.

१० फेब्रुवारी

गेल्या वर्षीच्या माझ्या कार्यक्रमपत्रिकेवरून काही शाळा निवडून तिने त्यांचे मीटरचे आकडे मागवले. व्याख्यानाआधीचे, नंतरचे. रेघा इस्त्री केल्यासारख्या सपाट. एकीकडे तर वाढ! "सभागृहाचे दिवे आणि तुझा माईक," म्हणाली.

सोमवारी हे शहर सगळ्या शाळांना जाणार. जागृतीची पट्टी ती शून्यावर आणणार म्हणते. म्हणजे माझी उभी हयात शून्य.

११ फेब्रुवारी

डोकं ठणकतंय. उरलेल्या शाळांचे आकडे मीच मागवून चाळत बसले.

१२ फेब्रुवारी

सापडली! टेकडीवरची शाळा. व्याख्यानाच्या आठवड्यापासून वीज घसघशीत उतरली, ती उतरलेलीच राहिली. आकडे तिच्यासमोर आपटले. सांगितलं, ती सभा मला लख्ख आठवते, पोरं दाराबाहेर दाटीने उभी होती.

तिने दोनदा तपासलं. "मान्य. एका शाळेवर पाचवा हिस्सा धरता येणार नाही, पण शून्यही म्हणवत नाही. तिथे नेमकं काय केलंस ते विचार, तसं मांडू."

आज जेवण गोड लागलं.

१३ फेब्रुवारी

मुख्याध्यापकांना फोन केला. ते हसले. "बाई, तुम्ही आला कुठे होतात? घसा बसल्याचा निरोप आला ना तुमचा. पोरं जमलीच होती, म्हणून त्यांना घेऊन शाळाभर हिंडलो. रिकाम्या खोल्यांतले पंखे, रात्रभर चालणारा पाण्याचा पंप – सापडेल ते आपोआप बंद होईल अशी सोय करून घेतली."

नणंद अजून यायची आहे. पट्टी मीच शून्यावर आणली.