रुमलीचा पुसलेला फोटो

लोणखेडा,
२० मार्च

प्रिय हेमकांत,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. रुमली हरवली आहे. धडगाववरच्या पाड्यातली, तुझ्या प्रदर्शनात दारासमोर लागते ती रुमली. दिवाळीनंतर ती आणि सुकराम ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. होळीला घरी येताना तिकडच्या एका बसस्टँडवर गर्दीत सुकराम गाडीत चढला आणि ती खाली राहिली. पुढच्या फाट्यावर उतरून तो चालत मागे गेला, तोवर ती तिथे नव्हती. तिला पावरीशिवाय दुसरी भाषा धड येत नाही. आज विसावा दिवस आहे. तुझा जुना नंबर लागत नाही. कामिनीने रनाळ्याहून तुझा पत्ता दिला, तोही मी दोनदा विनवल्यावर. भावाची बाजू घेते, चांगलं आहे.

तिकडच्या तीन आश्रयगृहांत नाव न सांगता येणाऱ्या बायका आहेत. सगळीकडून एकच उत्तर येतं, स्पष्ट फोटो पाठवा. आधारकार्ड रुमलीच्याच गाठोड्यात होतं. घरी झेरॉक्स आहे, तिच्यावर तोंडाच्या जागी काळा डाग. सुकरामचा फोन बटणांचा. मग मी मोठ्या रुबाबात म्हटलं, फोटो आहे की, देशभर गाजलेला फोटो आहे. तुझं प्रदर्शनाचं कार्ड घेऊन मी त्याच्याबरोबर पोलिसांत गेले. तिथल्या हवालदाराने कार्ड हातभर लांब धरलं, खूप वेळ पाहिलं आणि अगदी आदराने विचारलं, हे पेंटिंग कोणी काढलंय? अर्धा चेहरा अंधारात, ओठ मिटलेले, नजर खाली. बाहेर आल्यावर सुकरामने ते माझ्या हातात परत दिलं. म्हणाला, "ताई, हाई रुमली नई शे. रुमली दात दखाडीसन हासस."

हेमकांत, हा फोटो काढला त्या दिवशी काय झालं ते तुला आठवतं, पण मला ते माझ्या तोंडून सांगू दे. तू तिला दाराच्या उजेडात बसवलंस, मागे काळी घोंगडी टांगलीस. एक कोंबडी तुझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत शिरून बसली आणि तू तिला अहिराणीत शिव्या देत अंगणभर पळालास. रुमली हसली ती थांबेचना. समोरचा तुटका दात, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, केसांत गुलाबी प्लॅस्टिकची क्लिप. तू जमिनीवर बसूनच फोटो काढत सुटलास. आणि मी पुढे झाले. क्लिप काढायला लावली. नणंदेची चांदीची हासळी तिच्या गळ्यात घातली, कारण तिची स्वतःची नव्हती. मी तिला म्हटलं, तोंड मिटून बस. ती बसली. आपल्या घरी आलेल्या पाहुणीचं मन मोडायचं नाही, एवढ्यासाठीच बसली, हे मला आज कळतं.

शहाद्याला परतताना मी तुला बजावलं की आदिवासी बाईचं हसू सरकारी कॅलेंडरवर फार झालं. अंगभर दागिने, तोंडभर दात, आणि खाली योजनेचं नाव. मला तिचा संताप हवा, तिचं मौन हवं. तू एवढंच म्हणालास, "तू भाषण कर, मी आयकी ऱ्हायनू." त्याने मी आणखी पेटले. हसरे फोटो आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर पूस म्हणाले. तू पुसलेस. एकेक करून. मग त्या उरलेल्या एकाला मी 'सातपुड्याचं मौन' असं नाव दिलं, मंचाएवढा मोठा छापून त्याच्यापुढे चार वर्षं बोलले. नंदुरबार, धुळे, नाशिक. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. आणि रुमली, जी पाड्यावर सगळ्यात जास्त बोलते, जिच्या टवाळीला सरपंचसुद्धा घाबरतो, ती माझ्या पाठीमागे तोंड मिटून उभी असायची. तिच्या वतीने मी बोलत होते. आता ती कुठेतरी चार माणसांत बसली असेल, बोलत असेल, आणि कोणाला कळत नसेल. मौन म्हणतात ते हे, आणि ते मी तिला देऊन ठेवलं होतं.

माझं म्हणणं सगळंच चूक होतं असं मी आजही मानत नाही. कॅलेंडरं खोटीच होती. पण मी त्या बाईला विचारलं नाही, तुला कसं दिसायचंय? एवढा एक प्रश्न. मी इतकं वाचलं, इतकं बोलले आणि तो प्रश्न मला सुचला नाही. सुकराम रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतो. आई चहा देते, तो पितो. मी बाहेर आले की माझ्या हातांकडे बघतो.

काल शहाद्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या योगेंद्रकडे गेले होते. तो म्हणाला, काही कॅमेऱ्यांत दोन मेमरी कार्डं असतात, एकावरचं पुसलं तरी दुसऱ्यावर राहतं. तेव्हापासून मला एकच गोष्ट आठवते आहे. पुसायच्या आधी तू कॅमेरा स्वतःकडे वळवून घेतला होतास आणि क्षणभर थांबला होतास. सात वर्षं माझी तक्रार होती की तू माझं काही ऐकत नाहीस, मान हलवतोस आणि करायचं तेच करतोस. त्याच कारणाने मी तुला सोडलं. हेमकांत, त्या दिवशीही तू तसाच वागला असशील ना? पेट्या उघड, जुनी कार्डं बघ. तुटका दात दिसेल असा एक फोटो पाठव, फक्त एक. पाकिटावर माझा नंबर आहे. आणि त्याबरोबर लिही की, चेतना, मी तुला फसवलं होतं. मला दुसरं काही नको.

तुझीच, आणि या वेळी ऐकून घेणारी,
चेतना